हिरव्या पेरोव्स्काइट एलईडीची ईक्यूई ५ टक्क्यांवर अडकली आहे

हिरवाकंदील: प्रकाश देणारा पेरोव्स्काइट थर सीझियम लेड ब्रोमाइडचा, सोबत फिनेथिलअमोनियम ब्रोमाइड. रचना नेहमीचीच, खालून वर: आयटीओ (पारदर्शक इलेक्ट्रोड), पेडॉट (धन भार आत सोडणारा थर), पेरोव्स्काइट, टीपीबीआय (इलेक्ट्रॉन नेणारा थर), लिथियम फ्लोराइड, अ‍ॅल्युमिनियम. काचेवरच्या फिल्मची पीएलक्यूवाय (शोषलेल्या प्रकाशापैकी किती परत उजेड म्हणून सोडते) ६५ टक्के, पण एलईडीची ईक्यूई (आत सोडलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनमागे बाहेर पडणारे फोटॉन) काही केल्या ५ च्या वर सरकत नाही. गाइड म्हणतात, अ‍ॅडिटिव्ह (द्रावणात घालायचा जादा पदार्थ) बदल. सुरुवात कुठून करू?

स्पिनकोटर: आधी हिशेब मांडा. सपाट एलईडीतून प्रकाशाचा साधारण पाचवा भागच बाहेर पडतो, उरलेला काचेत आणि थरांत अडकतो. म्हणजे ६५ खरे धरले तरी वरची मर्यादा १३ च्या आसपास. मग बाकीचे ८ जातात कुठे?

माझा संशय त्या ६५ वरच आहे. लेसर जोरात मारला की ट्रॅप (फिल्ममधले दोष, जिथे ऊर्जा उजेड न देता वाया जाते) भरून जातात आणि आकडा फुगतो. एलईडी कमी करंटवर चालताना कॅरिअर (धन भार आणि इलेक्ट्रॉन) इतके नसतातच. तीव्रता उतरवत न्या आणि मोजमाप पेडॉटवर घ्या. काच बिचारी काही विझवत नाही, पेडॉट विझवतं.

फोटॉनवेडा: लॉग स्केलवर आयव्हीसुद्धा (व्होल्टेजनुसार करंटचा आलेख) बघा. उजेड दिसायच्या आधीच, दीड व्होल्टला, करंट वाढलेला असेल तर पिनहोलमधून (फिल्ममधल्या बारीक छिद्रांतून) गळती आहे.

हिरवाकंदील: गळती फारशी नाही. पेडॉटवर, कमी तीव्रतेला पीएलक्यूवाय ३० च्या आसपास आली!

स्पिनकोटर: मग कोडं सुटलं. ३० चा पाचवा भाग ६, तुम्हाला मिळतात ५. इंजेक्शन (थरात भार शिरणं) ठीक आहे, टीपीबीआयला हात लावू नका. फिल्म सुधारा.

ब्रोमाइडचं प्रमाण आधी तपासा. २०१५ मध्ये कोरियातल्या गटाने मिथाइलअमोनियम ब्रोमाइड ५ टक्के जादा घातलं, कारण मोकळं धातुरूप शिसं प्रकाश विझवत होतं. त्यांची ईक्यूई ८.५३ पर्यंत गेली. तुमच्याकडे सीझियम ब्रोमाइड डीएमएसओ या द्रावकात नीट विरघळत नाही आणि फिल्टरमध्ये अडकलं की शिसं आपोआप जास्त होतं. गाळलेल्या फिल्टरवर पांढरं काही दिसतंय का, ते बघा. मग पेडॉटने उजेड विझवू नये म्हणून त्यावर पीव्हीके या पॉलिमरचा पातळ थर द्या. पीव्हीकेवर पेरोव्स्काइटचं द्रावण आकसून गोळा होतं, म्हणून वर पीव्हीपी या दुसऱ्या पॉलिमरचा एक हात मारावा लागेल.

गाइडचं अ‍ॅडिटिव्ह त्यानंतर. घालायचंच तर फॉस्फिन ऑक्साइड गटाचं घ्या, उघड्या शिशाला ते छान धरतं.

हिरवाकंदील: फिल्टरवर पांढरं आहे. उद्या द्रावण गरम करून रात्रभर ढवळायला ठेवतो.

स्पिनकोटर: गाळताना कोमटच ठेवा, थंड झालं की परत खाली बसेल.