बाईकच्या टेस्टमध्ये तिसऱ्यांदा फेल – मदत हवी आहे (नागपूर)

सावलीतली | गुरुवार, रात्री ९.५०
आज पुन्हा फेल. पुन्हा तेच, आठच्या आकड्यात पाय टेकला. साहेबांनी मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. ग्राउंडवर नीट होते, घरासमोर नीट होते, तिथं गेलं की होत नाही. कोणासोबत असं झालं असेल आणि त्यातून निघाले असतील तर नेमकं काय केलं ते सांगा. "प्रॅक्टिस करा" एवढंच सांगू नका, पाच महिने तेच करून राहिली. लवकर सांगा, माझ्याकडे वेळ नाही.

अमरावती_रोड | रात्री १०.०५
कोणती गाडी भाऊ? आणि कोणत्या आरटीओत? एमएच ३१, ४० की ४९?

इतवारीची_सून | रात्री १०.१२
"करून राहिली" लिहिलं आहे त्यांनी, भाऊ कुठून आला? ताई, मी पाचव्या वेळी पास झाली होती. माझ्या मागं रांगेत अठरा-एकोणीस वर्षांची पोरं उभी असायची आणि पाय टेकला की त्यांचा आवाज यायचा. चौथ्यांदा घरी येऊन स्वयंपाकघरात रडली होती. कोणाला सांगितलं नव्हतं, इथंच पहिल्यांदा लिहून राहिली. पास झाल्यावर त्यातलं एकही पोरगं आठवत नाही.

सावलीतली | रात्री १०.२०
ताई, तुम्ही लिहिलं ते वाचून बरं वाटलं. स्प्लेंडर आहे, बाबांची. कोणतं ऑफिस ते लिहीत नाही, मुद्दा तो नाही.

बुलेटप्रेमी | रात्री १०.३१
स्प्लेंडर हलकी पडते, म्हणून डगमगते. जड गाडीवर शिका. क्लासिक ३५० वर एकदा आठ जमला की बाकी सगळ्या गाड्या सायकलीसारख्या वाटतील. मी तसाच शिकलो.

अमरावती_रोड | रात्री १०.३८
काहीही सांगू नका बावा. क्लासिक १९५ किलोची, स्प्लेंडर ११२ किलोची. कलंडली तर पायानं सावरता तरी येईल का त्यांना? ताई, माझं ऐका. स्प्लेंडर पहिल्या गिअरमध्ये टाका, क्लच पूर्ण सोडा, रेस देऊच नका. गाडी आपोआप चालते, तुम्ही फक्त हँडल वळवा. मी एका झटक्यात पास झालो.

जुना_गॅरेजवाला | रात्री १०.५५
मोठ्या गोलात जमेल ते. गोल लहान असला की गाडी बाहेर जाते, मग माणूस घाबरून ब्रेक मारतो आणि पडतो. हाफ क्लच धरा, म्हणजे क्लच अर्धाच दाबून ठेवा, रेस एकसारखी ठेवा, वेग मागच्या ब्रेकनं आवरा. पुढचा ब्रेक अजिबात नाही. मी तीस वर्षांपासून गाड्या दुरुस्त करतो, शेकडो पोरं शिकताना पाहिली आहेत.

अमरावती_रोड | रात्री ११.०२
नवशिक्याला एका वेळी क्लच, रेस, ब्रेक तिन्ही सांगून गोंधळात टाकू नका काका. क्लच सोडला की एक काम कमी.

जुना_गॅरेजवाला | रात्री ११.१०
आणि आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन फिरायचा वेग, कमी ठेवलेला असला की गाडी गोलातच बंद पडेल, तेव्हा काय करायचं? तुम्ही एकदा पास झाले म्हणून सगळ्यांच्या गाड्या तुमच्यासारख्या ट्यून होत नाहीत.
ताई, मला तीन गोष्टी सांगा. पाय कोणत्या गोलात टेकतो, पहिल्या की दुसऱ्या? कोणता पाय? आणि याआधी कोणती गाडी चालवायच्या?

कागदपत्र_काका | शुक्रवार, सकाळी ६.४०
लर्निंग कधीचं आहे? हा प्रश्न कोणीच विचारला नाही म्हणून विचारतो. लर्निंग सहा महिने चालते. एकदा फेल झालं की सात दिवसांनी पुन्हा जाता येते, पण तीनदा फेल झाल्यावर शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ९. वय चाळीसच्या वर असेल तर डॉक्टरकडून फॉर्म १-अ पण लागेल.

सावलीतली | सकाळी ७.१५
वय ३३. लर्निंग २ जुलैचं.
६० दिवसांचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं पैसे घेतले तेव्हा "होऊन जाईल मॅडम" एवढंच म्हणाला होता. म्हणजे काल २० नोव्हेंबर, तर १९ जानेवारी. आणि लर्निंग १ जानेवारीला संपते. मग?

कागदपत्र_काका | सकाळी ७.३०
मग लर्निंग नवीन काढावं लागेल. ते आधारवरून घरबसल्या सारथी या सरकारी वेबसाइटवर होते. पण लर्निंग हातात आल्यावर ३० दिवस झाल्याशिवाय पक्की टेस्ट देता येत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला काढलं तर फेब्रुवारी धरा.

टप्पू४० | सकाळी ८.२०
एवढा डोक्याला ताप काऊन घेता? एजंट पाहा, काम करून देईल. नाहीतर तशीच चालवा, खेड्यात कोण पकडते?

कागदपत्र_काका | सकाळी ८.४५
विनापरवाना पकडलं तर ५,००० रुपये दंड आहे, कलम १८१. दंड भरून एक वेळ सुटता येईल, पण कोणाला धडक बसली तर विम्यावाले हात वर करतात. माझ्या भाच्याच्या बाबतीत घडलेलं आहे, आजपर्यंत हप्ते भरून राहिला. असले सल्ले देऊ नका.

टप्पू४० | सकाळी ८.५०
सगळेच देतात काका. मी एकटाच नाही.

पुणेकर_पाहुणा | सकाळी ९.३०
गिअरचीच गाडी का हवी, हे कळलं नाही. अ‍ॅक्टिव्हावर टेस्ट द्या, पाचव्या मिनिटाला पास व्हाल. नाहीतर आता नागपुरात मेट्रो आहे, प्रजापती नगरपर्यंत जाते. तिथून पुढे एसटी.

सावलीतली | सकाळी १०.०५
अ‍ॅक्टिव्हाचं लायसन्स माझ्याकडे आठ वर्षांपासून आहे. बिनागिअरचं आहे ते, त्यावर स्प्लेंडर चालवता येत नाही. मी पशुधन पर्यवेक्षक आहे. एप्रिलपासून कुही तालुक्यात पोस्टिंग आहे. गायींच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगाव गोठ्यात जावं लागते, सोबत गोठवलेल्या वीर्याचा नायट्रोजनचा कंटेनर बांधलेला असतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत अ‍ॅक्टिव्हाची लहान चाकं रुततात, मी करून पाहिलं आहे. गाय माजावर आली की तिची वेळ निघून जाते, ती एसटीची वाट पाहत नाही. मेट्रो आणि एसटी गोठ्यापर्यंत येत नाहीत हो दादा.

पुणेकर_पाहुणा | सकाळी १०.२०
हे आधी लिहायला हवं होतं. माफ करा, आता समजलं.

बुलेटप्रेमी | सकाळी १०.४०
पांदणीसाठी तर बुलेटच. नायट्रोजनचा डबा मस्त बसेल मागं.

अमरावती_रोड | सकाळी १०.४४
चिखलात फसलेली बुलेट काढायला कोण येणार, तुम्ही?

बुलेटप्रेमी | सकाळी १०.५२
येईन. मी उमरेड रोडलाच राहतो. आणि आम्ही गोंदियापर्यंत पावसात गेलो आहे, एकदाही फसली नाही.

जुना_गॅरेजवाला | सकाळी ११.१५
ताई, बुलेटचं राहू द्या. माझ्या तीन प्रश्नांतला एकच सुटला. आठ वर्षं अ‍ॅक्टिव्हा, बरोबर? बाकीचे दोन सांगा.

सावलीतली | दुपारी १.३०
नेहमी दुसऱ्या गोलात. पाय आतल्या बाजूचा. पहिला गोल छान होतो, मधल्या क्रॉसिंगला गाडी थोडी जोरात जाते असं वाटते, मग एकदम जीव गेल्यासारखी कलते.

जुना_गॅरेजवाला | दुपारी १.४२
"जोरात जाते असं वाटते" तेव्हा तुमचे हात काय करतात?

सावलीतली | दुपारी १.४८
ब्रेक मारते. हळू करायला.

जुना_गॅरेजवाला | दुपारी १.५०
कोणत्या हातानं?

सावलीतली | दुपारी २.१०
खुर्चीवर बसून हात तसे धरून पाहिले. डावा.

जुना_गॅरेजवाला | दुपारी २.३०
सापडलं. अ‍ॅक्टिव्हाच्या डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो. आठ वर्षं वेग कमी करायला तुम्ही तोच दाबला. स्प्लेंडरला त्याच जागी क्लच आहे. तुम्ही ब्रेक समजून क्लच दाबता, मागच्या चाकाला मिळणारी ताकद तुटते. वळणावर कललेल्या गाडीला ती ताकदच धरून ठेवते. ती गेली की गाडी आत पडते आणि पाय जातो. तुमची हिंमत कमी नाही आणि प्रॅक्टिसही कमी नाही. हाताला जुनी सवय आहे, एवढंच.
मागचा ब्रेक आता उजव्या पायाखाली आहे. तो पाय आठ वर्षं फुकट बसला होता, त्याला कामाला लावा.

इतवारीची_सून | दुपारी २.४५
अगं बाई! मी पण स्कूटीवरूनच आली होती. माझ्या चार वेळा त्यातच गेल्या असतील.

अमरावती_रोड | दुपारी ३.००
काका, निदान मानलं. पण मग माझीच पद्धत बरी ना? क्लच सोडून बोटं मुठीला गुंडाळून ठेवली की डावा हात दाबणारच नाही.

जुना_गॅरेजवाला | दुपारी ३.२०
सवय मोडायला पहिले तीन-चार दिवस तुमची पद्धत चालेल, हे मी पण मानतो. मोठ्या गोलात, क्लच सोडून, चारही बोटं मुठीवर. आयडल जरा वाढवून घ्या. मग लहान गोलावर या तेव्हा हाफ क्लच आणि उजव्या पायाचा हलका ब्रेक. आणि नजर पुढच्या चाकावर नको, जिथं जायचं आहे तिथं मान वळवून पाहा. क्लचच्या दांडीला टोकाशी दहा ते वीस मिलिमीटर ढील हवी, ती पण तपासून घ्या.
जागा आहे का तुमच्याकडे?

सावलीतली | रात्री ८.४०
मानेवाड्याला राहते. बेसा, बेलतरोडीकडे रिकामे ले-आउट आहेत, तिथं सकाळी कोणी नसते. विटांचे तुकडे मांडून आठ काढते. एल पाटी लावलेली आहे दोन्हीकडे.
एक प्रश्न अजून आहे. डावा हातच चुकत असेल तर ले-आउटवर का चुकत नाही? तिथं मी सलग दहा-दहा आठ काढते.

जुना_गॅरेजवाला | रात्री ९.०५
टेस्टला जाता कशानं?

सावलीतली | रात्री ९.२५
अ‍ॅक्टिव्हानं. ड्युटीवरून थेट जाते, भाऊ स्प्लेंडर घेऊन तिथं येतो.
आणि ले-आउटवर सकाळी उठल्या उठल्या स्प्लेंडरच असते. तोपर्यंत अ‍ॅक्टिव्हाला हात लावलेला नसतो.
तिन्ही वेळा असंच झालं काका. तिन्ही वेळा तासभर ट्रॅफिकमध्ये डाव्या हातानं ब्रेक मारत गेली आणि तशीच रांगेत उभी राहिली.

जुना_गॅरेजवाला | रात्री ९.३०
मग उत्तर तुमचं तुम्हीच दिलं.

नवीन_सदस्य_११ | शनिवार, सकाळी ११.००
हेल्मेट घेताना आयएसआय मार्क पाहूनच घ्या. रस्त्याच्या कडेला मिळणारं घेऊ नका.

कागदपत्र_काका | सकाळी ११.२०
बरोबर आहे, पण धागा टेस्टचा आहे. ताई, १९ जानेवारीची तारीख लिहून ठेवा आणि अपॉइंटमेंट घेताना नवीन लर्निंगचे ३० दिवस पण मोजा. दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय सकाळ वाया घालवू नका.

सावलीतली | पुढचा शुक्रवार, रात्री ९.१५
आठवडा झाला. पहिले चार दिवस अमरावती_रोड दादांच्या पद्धतीनं, क्लच सोडून मोठे गोल. कालपासून लहान गोल, हाफ क्लच आणि पायाचा ब्रेक. लहान गोलात क्लच पूर्ण सोडला तर गाडी विटांच्या बाहेर जाते, ते काकांचं खरं निघालं.
आज मुद्दाम ऑफिसातून अ‍ॅक्टिव्हानं घरी आली आणि लगेच स्प्लेंडर घेऊन ले-आउटवर गेली. पहिल्याच आठमध्ये डावा हात दाबला गेला, पाय टेकला. दुसऱ्यात पण. तिसऱ्यापासून नाही. अंधार पडेपर्यंत चौदा काढले. बाबा गेटवर उभे होते. ते काही म्हणाले नाहीत, पण शेवटी विटा त्यांनीच उचलल्या.

जुना_गॅरेजवाला | रात्री ९.४०
रोज असंच करा, आधी अ‍ॅक्टिव्हा, मग लगेच स्प्लेंडर. टेस्टच्या दिवशी मात्र अ‍ॅक्टिव्हाला हात लावू नका.

सावलीतली | रात्री ९.४५
नाही लावणार. त्या दिवशी सुट्टी टाकते आणि भावाच्या मागं बसून जाते.