लिटिल चॅम्प्सची जुनी क्लिप (आमच्या घरच्या ग्रुपवर, काल रात्री)

आत्या: २००९ च्या 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'च्या महाअंतिम फेरीची क्लिप आली, पोळ्या तशाच टाकून बघत बसले. विजेती म्हणून कार्तिकीचं नाव पुकारलं तेव्हा आपल्याकडे काय कल्ला झाला होता!

दादा: अर्धं घर रुसलं होतं गं. आई प्रथमेशची, मी रोहितचा. सगळा बॅलन्स एसएमएसमध्ये घालवला होता मी.

आई: मला अजून वाटतं प्रथमेश जिंकायला हवा होता. आरवलीचा पोरगा, पण आवाज किती मुरलेला! तरी कार्तिकीच्या आवाजाला जी धार होती ती तिचीच.

काकू: आणि मुग्धा? एवढीशी, सगळे तिला 'मॉनिटर' म्हणायचे. २०२३ मध्ये तिचं नि प्रथमेशचं लग्न झालं तेव्हा आपल्याच घरचं कार्य असल्यासारखं वाटलं मला.

आत्या: आर्याला 'वरचा सा', म्हणजे सगळ्यात वरचे गुण, मिळाले की मी टीव्हीसमोर टाळ्या वाजवायचे. म्हणून म्हणते, चिमणीलाही पाठवू या ऑडिशनला.

वहिनी: आत्या, मला धास्ती वाटते. दर आठवड्याला नवं गाणं बसवायचं, शाळा बुडवायची, शूटिंगला ताटकळायचं. आणि बाहेर पडली तर?

ताई: मी सांगू? त्या पर्वानंतर मीही एका कार्यक्रमाच्या ऑडिशनला गेले होते, अकरा वर्षांची. पहाटेपासून रांग, फ्रॉकला टाचणीने लावलेला नंबराचा कागद. दोन ओळी गायले, तिसरीसाठी श्वास घेतला आणि "थँक्यू बेटा". बाहेर तुम्ही सगळे म्हणालात, त्यांना गाण्यातलं काही कळत नाही. मला ते नको होतं. कोणीतरी म्हणायला हवं होतं, तिसरी ओळ आम्हाला म्हणून दाखव.

आई: बाळा, एवढी वर्षं बोलली नाहीस गं.

ताई: तेव्हा सांगता येत नव्हतं, आई. २०२१ मध्ये 'लिटिल चॅम्प्स'च्या नव्या पर्वात महाअंतिम फेरीतले तेच पाचजण परीक्षक म्हणून बसले, तेव्हा मी एकही भाग सोडला नाही. एखादं पोर सुरावरून घसरलं की मी त्याच्याकडे नाही, या पाचजणांच्या चेहऱ्यांकडे बघायचे. ते स्वतः त्या जागी उभे राहिलेले होते ना.

आत्या: त्यांचं मात्र भलं झालं. पाचही जण आजही गातात.

ताई: झालं, आणि मला त्याचा खूप आनंद आहे. पण त्यांच्याबरोबर सुरुवातीला जी बाकीची मुलं होती, त्यांची नावं सांग बरं.

आत्या: एकदोन चेहरे डोळ्यांसमोर येतायत. नावं नाही आठवत.

काकू: मलाही नाही.

दादा: चिमणीला कोणी विचारलंय का?

वहिनी: आत्ताच विचारलं. म्हणते, ताई सोबत असेल तर जाईन.

ताई: येईन की. ऑडिशनचं नंतर बघू, रविवारी सकाळी आधी नुसता सा लावायला बसू. मोबाईलवरचा तानपुरा नको, आजीचा माळ्यावरून काढा.

दादा: काढतो. दोन तारा तुटल्यात.

आई: तारा मी आणते. तू ती तिसरी ओळ म्हण.