सरकारी मराठी शाळेच्या कारभाराबद्दल निवेदने देऊन झाली. पुढे काय करावे?

वडगावचा पालक

बेळगावच्या एका उपनगरातील सरकारी मराठी प्राथमिक शाळेत माझी मुलगी तिसरीत शिकते. पहिली ते पाचवीचा पट 112 असून कायम शिक्षक दोनच आहेत, आणि त्यांपैकी एकाकडे मुख्याध्यापकपदाचा प्रभार असल्यामुळे त्यांचा निम्मा दिवस माहिती भरण्यात व बैठकांत जातो. अतिथी शिक्षिका मिळाल्या, त्याही शाळा सुरू होऊन दोन महिने उलटल्यावर. एक वर्ग गळत असल्याने पावसाळ्यात दुसरी आणि तिसरी एकत्र बसतात. पालकांनी आणि गल्लीच्या पंच मंडळींनी दोनदा निवेदन दिले. दोन्ही वेळा वर्तमानपत्रात फोटो आला आणि निवेदन फायलीत गेले. आता पट घटत असल्याचे सांगून शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करण्याची चर्चा आहे. काही जण मोर्चा काढा म्हणतात. जाणकारांनी सल्ला द्यावा.

निवृत्त शिक्षक, खानापूर

मोर्चा काढा, पण आधी कागद गोळा करा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत 91 ते 120 मुले असतील, तर चार शिक्षक हवेत. शिवाय कलम 26 प्रमाणे कोणत्याही सरकारी शाळेत मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त ठेवता येत नाहीत. म्हणून मंजूर पदे किती, आणि तुमच्या शाळेच्या हजेरीपटावरचा कोणी शिक्षक प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे काम करतो का, हे माहिती अधिकारात विचारा. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा असल्याने सगळी गाऱ्हाणी एकाच अर्जात कोंबू नका. उत्तर हाती आले की शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम 32 खाली लेखी तक्रार करा. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो आणि तो न पटल्यास राज्याच्या बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. निवेदनाला अशी मुदत नसते.

शहापूरकर

गुरुजींचे म्हणणे बरोबर आहे, पण सुरुवात घरापासून करावी. तुमची शाळा सुधारणा समिती कोणी निवडली, हे पालकांपैकी किती जणांना ठाऊक आहे? कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे तिचेच काम आहे. मी स्वतः एका शाळेच्या समितीवर होतो. बैठक झालीच नाही आणि इतिवृत्तावर सह्या मात्र फाटकात उभे करून घेतल्या गेल्या. (त्यांत माझीही सही होती, हे कबूल करतो.) समग्र शिक्षा योजनेत पट शंभरच्या वर आणि अडीचशेपर्यंत असेल, तर वर्षाला 50,000 रुपयांचे संयुक्त अनुदान असते, शंभरच्या खाली आला की ते 25,000 वर येते. एवढ्यात नवे छप्पर होणार नाही, पण कौले नक्की बदलता येतात. आधी पासबुक पाहा.

सीमावासी

मूळ प्रश्न भाषेचा आहे, त्यावर कोणी का बोलत नाही? भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे राज्यघटनेचे कलम 350 अ सांगते. विलीनीकरणात मराठी वर्गच राहिले नाहीत, तर चार शिक्षक मिळवून काय उपयोग?

शहापूरकर

विलीनीकरणाचा लेखी प्रस्ताव आला, तर 350 अ अवश्य पुढे करावे. मात्र गळक्या छपराची तक्रारही सीमाप्रश्नाच्या भाषेत मांडली, की अधिकारी तिला राजकारण ठरवून मोकळे होतात आणि शिक्षक का नाहीत, याचे उत्तर द्यावेच लागत नाही. एक विचारतो: त्याच आवारात कन्नड शाळा आहे का?

वडगावचा पालक

आहे, आणि तिचेही दोन वर्ग गळतात. हे मी प्रश्नात लिहायला हवे होते. आज सकाळी तिथल्या दोन पालकांशी बोललो. त्यांच्याकडेही एक शिक्षक कागदावर आहे, प्रत्यक्षात नाही. शिक्षकांची माहिती मागणारे अर्ज दोन्ही शाळांचे पालक एकाच दिवशी देणार आहोत. आमचा अर्ज कन्नडमध्येही लिहून देण्याचे त्यांच्यापैकी एका भगिनीने मान्य केले आहे, म्हणजे भाषा समजली नाही असे सांगून तो परत येणार नाही. पासबुकासाठी शनिवारी मुख्याध्यापकांना भेटतो.