बचावासाठी दोर: ११ मिमी की १३ मिमी?

घाटकरी: आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपला देणगीतून बचावाचं साहित्य घ्यायचंय. काम मुख्यतः पन्हाळ्याच्या कड्यांवर आणि गगनबावड्याच्या करूळ घाटात. माझं मत: ११ मिमीचे दोन स्टॅटिक (फारसे न ताणणारे) दोर, दोन सारखे डिसेंडर (दोर हळूहळू सोडणारं ब्रेकसारखं साधन), भार दोन्हींवर निम्मा-निम्मा. १०० मीटरचा १३ मिमी दोर ११ किलोच्या आसपास भरतो, ११ मिमीचा साधारण ८. भर पावसात दरीत उतरणाऱ्याला हा फरक कळतो.

जुनाबिले: भावा, वजन बघून दोर घेऊ नका, १३ मिमीच घ्या. स्ट्रेचरवर जखमी, सोबत आपला एक जण, वर साहित्य. २०० किलो सहज होतात. अमेरिकेच्या एनएफपीए या बचाव साहित्याच्या मानकात जनरल यूज, म्हणजे जड भाराच्या, दोराला किमान ४० किलोन्यूटन ताकद लागते (१ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा भार). ६०० पौंडांच्या भाराची १५ पट करून आलेला आकडा आहे तो. ११ मिमीचे बरेच दोर ३० च्या आसपास तुटतात. गाठ मारली की त्यातला साधारण तिसरा हिस्सा गेला, नायलॉन भिजला की आणखी घट. जुलैत गगनबावड्यात कोरडा दोर कुठनं आणणार?

घाटकरी: दादा, गाठीनंतर २० उरले तरी २०० किलोच्या १० पट होतात, आणि तसे दोर दोन आहेत. युरोपचं ईएन १८९१ तर टाइप ए दोराला २२ किलोन्यूटनच मागतं.

जुनाबिले: त्यातली पडण्याची चाचणी एका माणसाच्या वजनावर बेतलेली आहे, स्ट्रेचरच्या भारावर नाही. आणि दोन्ही दोर ताणलेले ठेवलेत तर धारेवर दोन्ही कापले जातील. ताणलेला दोर लवकर कापतो, सैल वाचतो. म्हणून भार मुख्य दोरावर आणि बिले (मुख्य दोर गेला तर झेलणारा दुसरा दोर) वेगळा, टँडम प्रुसिकवर, म्हणजे झटका बसताच दोर पकडणाऱ्या दोरीच्या दोन फासांवर.

घाटकरी: तो सैल बिले भार घेईल तेव्हा काय होईल? ६० मीटर दोर खाली गेलेला असेल तर ३ टक्के ताण धरला तरी स्ट्रेचर जवळजवळ २ मीटर खाली जाणार. तेवढ्यात खालच्या टप्प्यावर आपटतं. शिवाय प्रुसिक सांभाळणाऱ्यानं घाबरून ते मुठीत घट्ट आवळलं तर ते दोर पकडतच नाही. डिसेंडरची मूठ सोडली की दोर आपोआप थांबतो, आणि घाबरून जास्त ओढली तरी थांबणारे डिसेंडर मिळतात. मला माणसाच्या घाबरण्याची भीती जास्त वाटते.

कडेवरची: तुम्ही दोघं किलोन्यूटन मोजताय आणि यादीत एज प्रोटेक्टर (कडेवर दोर घासू न देणारं साहित्य) एकही नाही! पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा आहे, खरखरीत, दोराचं आवरण सोलून काढणारा. खाली बेसाल्टच्या धारा. माझ्या मते पहिला पैसा कडेवरचे रोलर, जाड कॅनव्हास आणि दोर कडेच्या वर उचलून धरणारा ट्रायपॉड यांवर जावा. दोर घासलाच नाही तर तुमचं निम्मं भांडण मिटतं.

दुसरं, डिसेंडरवर दोराचा व्यास कोरलेला असतो. ११ मिमीसाठी बनलेल्यात १३ मिमी चालत नाही, म्हणून दोर आणि डिसेंडर एकत्रच ठरवा. घाटात आपल्याबरोबर दुसरी पथकंही असतात, त्यांच्याकडे कोणता दोर आहे तेही विचारा. रात्री धुक्यात त्यांचा दोर तुमच्या डिसेंडरमध्ये बसला नाही तर काय करणार?

घाटकरी: ताई, कडेचं साहित्य यादीत सगळ्यात वर घेतलं. दोर मात्र ११ मिमीच.

जुनाबिले: माझं मत बदललेलं नाही. ऑर्डर देण्याआधी पन्हाळ्यावर दोन्ही पद्धती लावू. स्ट्रेचरवर माणूस नको, २०० किलो वाळूची पोती बांधा. मुख्य दोर मी स्वतः कापतो, मग पोती किती खाली जातात ते टेपनं मोजू.