इंदूरची बीएसए एम२० : १९५१ पूर्वीचा मालक कसा शोधावा?

रामबागवाले :
नमस्कार. आमच्या रामबागेतल्या जुन्या घरी आजोबांची बीएसए एम२० मोटरसायकल आहे. आजोबांनंतर काही वर्षे काकांनी ती चालवली आणि मग ती ओसरीत उभी राहिली, ती आजतागायत. घरात पहिल्यापासून असे सांगितले जाते की ही गाडी होळकर सरकारच्या माणिकबाग राजवाड्यातल्या गॅरेजातून बाहेर पडली. आर.सी. बुकावर मात्र तेव्हाच्या मध्यभारत राज्याचा शिक्का आणि १९५१ ची पहिली नोंदणी आहे. पहिले नाव इंदूरच्या छावणी भागातल्या एका व्यापाऱ्याचे असून त्याखाली १९५४ मध्ये आजोबांचे नाव चढले आहे. फ्रेमवरचा नंबर ‘डब्ल्यूएम२०’ने सुरू होतो. पुस्तकात इंजिनाचा नंबरही तसाच लिहिलेला आहे, पण प्रत्यक्ष इंजिनावर ‘एक्सएम२०’ असे कोरलेले दिसते. १९५१ पूर्वीचा इतिहास कळण्याचा काही मार्ग आहे का, आणि नंबर जुळत नसल्यामुळे विंटेज नोंदणी अडेल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पान्हापेटी :
आपल्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर फ्रेमवरच आहे. त्या नंबरातला ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रिटिश युद्धखाते. ही ४९६ सीसीची साइड-व्हॉल्व्ह (इंजिनाचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेली) गाडी बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यात १९३७ पासून तयार होत होती आणि महायुद्धाच्या काळात सैन्यासाठी अशा सुमारे सव्वा लाख गाड्या बनल्या. तेव्हा ही गाडी कारखान्यातून थेट राजवाड्यात गेली, हे संभवत नाही. युद्ध संपल्यावर सैन्याची जादा वाहने डिस्पोजलमध्ये, म्हणजे नको असलेल्या सरकारी मालाच्या विक्रीत, विकली गेली आणि महूची लष्करी छावणी तर आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. १९४५ ते १९५१ या मधल्या काळात ती माणिकबागेत राहिली असेलही, परंतु त्यासाठी पावती, पत्र किंवा निदान एखादा जुना फोटो हवा. (इंदुरात जुनी गाडी आणि होळकरांचे गॅरेज ही जोडी फार वेळा ऐकू येते. यशवंतराव महाराजांना मोटारींचा शौक होता, हे खरेच आहे. म्हणून गावातली प्रत्येक जुनी गाडी त्यांची ठरत नाही.)

‘एक्स’ हे अक्षर युद्धानंतरच्या नागरी एम२० चे आहे. पुस्तकात जुना नंबर आहे, त्याअर्थी इंजिन १९५१ नंतर बदलले गेले, आणि १९५४ पासून गाडी आपल्याच घरात असल्याने ही अदलाबदल बहुधा काकांना ठाऊक असेल. फ्रेमचा आणि इंजिनाचा आकडा वेगवेगळा असण्यात मात्र काही गैर नाही, कारण या सैनिकी गाड्यांवर ते दोन आकडे मुळातच एकसारखे नसत.

आणखी एक गोष्ट पाहावी. पाय ठेवायच्या दांड्यांवर रबर आहे की नुसते लोखंड? जपानने १९४२ मध्ये मलाया घेतल्यावर रबराचा तुटवडा पडला आणि सैनिकी गाड्यांना लोखंडी फूटरेस्ट व हँडलला कॅनव्हासच्या मुठी बसवल्या जाऊ लागल्या. एवढ्यावरून साल ठरत नाही, कारण मिस्त्री लोक हे भाग सर्रास बदलतात, पण नंबराशी मेळ बसला तर पुराव्याला जोर येतो.

फॉर्म_एकतीस :
इतिहास शोधण्याआधी मालकी नावावर करून घ्यावी. आजोबांच्या मृत्यूनंतरचे हस्तांतरण फॉर्म ३१ वर होते आणि इतर वारसांची लेखी संमती जोडावी लागते, तेव्हा काकांची सही आत्ताच घेतलेली बरी. विंटेज नोंदणीचे नियम जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झाले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी त्यांत बसते, व तसा निर्वाळा राज्याची तपासणी समिती देते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. आपल्याकडे जुना नंबर वैध असेल, तर तोच ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या कामासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची, याचा विचार अर्ज करण्यापूर्वी करावा.

इंजिन त्याच कंपनीचे आणि त्याच मॉडेलचे आहे, ही आपली जमेची बाजू. तरीही बदल पुस्तकात रीतसर नोंदवून मगच समितीपुढे जावे. कोणी ‘आकडा घासून पुस्तकाप्रमाणे ठोकून देतो’ असे म्हणाले, तर त्याच्या दारातही जाऊ नये. तो सरळ गुन्हा आहे आणि त्यात मूळ पुरावाही नष्ट होतो.

रामबागवाले :
आभारी आहे. फूटरेस्ट लोखंडीच आहेत. इंजिन काकांनीच बदलले होते; पहिल्याच्या क्रँककेसला (इंजिनाच्या खालच्या कवचाला) तडा गेला होता, असे ते म्हणाले. तो जुना केस माळ्यावर सापडला आणि त्यावरचा नंबर पुस्तकाशी तंतोतंत जुळतो. टाकीवर काळ्या रंगाखाली खाकी दिसत आहे.

पान्हापेटी :
मग तो केस भंगारात जाऊ देऊ नका. समितीपुढे त्याचा फोटो ठेवा. टाकी मात्र लगेच मिस्त्रीकडे देऊ नये. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, टाकीच्या बाजूवर हलक्या हाताने एकेक थर उतरवावा. ब्रिटिश सैन्याच्या मोटरसायकलींवर ‘सी’ अक्षर आणि पुढे आकडे असा नंबर रंगवलेला असे. तो मिळाल्यास प्रत्येक टप्प्यावर उजेडात फोटो घ्या आणि फ्रेम-नंबरासह ब्रिटनच्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबला लिहा. कारखान्यांच्या जुन्या नोंदवह्या त्यांच्याकडे आहेत. गाडी सैन्याच्या कोणत्या कंत्राटात बनली, हे त्यावरून कळू शकते. छावणीतल्या त्या व्यापाऱ्याचे वारस इंदुरातच असतील, तर पावतीसाठी त्यांचे दार ठोठवावे, आणि हे काम क्लबचे उत्तर येईपर्यंत थांबवू नये.