इंदूर ते पुणे-मुंबई: विमान तासाचं, प्रवास किती तासांचा?

लेक पुण्याला आहे माझी, तिचं दर फोनला एकच, आई विमानानी ये गं, तासाभराचं तर आहे. परवा नकाशावर सरळ रेघ ओढून बघितली तर इंदूर-पुणे साधारण 510 किमी, आणि गंमत म्हणजे इंदूर-मुंबई पण तेवढंच! रस्त्यानी दोन्ही सहाशेच्या आसपास. तिकिटावर सव्वा-दीड तास. पण घराला कुलूप लावल्यापासून तिकडची बेल वाजवेपर्यंत किती? सांगा आपापले हिशोब.

रामबागकर: घड्याळ लावून मोजलंय ताई. सहाला निघालो, साडेसहाला एअरपोर्ट (आपलं जवळच आहे म्हणून बरं), 8.15 चं विमान, 9.30 ला मुंबईत उतरलो, मग बॅग, मग कॅब, ठाण्याला पोचलो साडेअकराला. साडेपाच तास, त्यात हवेत जेमतेम एक.

खिडकीवाली: तिकिटावरची वेळ दार बंद झाल्यापासून विमान पार जागेवर लागेपर्यंतची असते, रनवेपर्यंत रांगत जाणं वगैरे सगळं त्यातच धरलेलं. तरी आमचं चुकलं. मुंबईवर आलो आणि कॅप्टन म्हणतो खाली गर्दी आहे, पाऊण तास घिरट्या. समुद्र तीनदा दिसला. शेजारचे काका म्हणे एवढ्यात देवासला जाऊन पोहे खाऊन आलो असतो.

अवंतिका फॅन: मुंबईला अवंतिका एक्सप्रेसनी जा, रात्री गाडीत झोपा, सकाळी उतरा, विषय संपला. फक्त मार्ग म्हणजे द्राविडी प्राणायाम आहे, जायचं दक्षिणेला आणि गाडी आधी उत्तरेला उज्जैन, मग नागदा, रतलाम, बडोदा, सुरत असं करत आठशे किमीच्या वर फिरवते. पुण्याची तर त्याहून लांब. इंदूर-मनमाड लाइन 2024 मधे मंजूर झाली, 309 किमी, ती झाली की सरळ खाली. आमच्या आजोबांपासून ऐकतोय पण.

एबी रोड: कारनी पुणे, जेवणखाण धरून बारा तास. मानपूर, सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे. घाटात ट्रक अडला की देवाचं नाव घ्यायचं. एक बिजासन देवी एअरपोर्टजवळच्या टेकरीवर आणि एक या घाटात, कसेही जा, हात जोडूनच जावं लागतं 😄

रामबागकर: ताई, शेव किती नेताय ते सांगा आधी. विमानात हातातल्या बॅगेला सातच किलो असतात बहुतेक.

धागा काढणारी: शेवच पाच किलो आहे, वर जावयाला गराडू (तळून खायचा कंद). ट्रेनचंच बघते, लेकीला कळवू नका कोणी.