वाड्याचे सागवानी खांब नि तळखडे: बाक आणि अंगणातलं शिल्प

गोदाकाठ
जुन्या नाशकात वाडा उतरवताना निघालेला माल मिळालाय. दोन सागवानी खांब (७ फूट, बुंध्याला ७ इंच), त्यांचे काळ्या दगडाचे तळखडे (१५ इंच चौरस, १२ इंच उंच), ६ बाय ८ इंची ९ फुटी तुळई आणि कोरीव हस्तांची (खांबाच्या माथ्याशी तुळईला आधार देणाऱ्या लाकडी ब्रॅकेटांची) जोडी. तुळईचा बाक करायचाय. एक खांब तळखड्यावर उभा करून, वर तांब्याचं टोपण घालून अंगणात शिल्प म्हणून ठेवायचाय. खांबांवर ऑइलपेंटचे जाड थर आहेत. रंग काढायला कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून देतो, असं एक जण म्हणतोय. द्यावेत का?

रंधा_पटाशी
अजिबात नको. कॉस्टिकने साग काळपट पडतो, तंतू उठतात आणि नक्षीच्या खाचांत राहिलेला सोडा पुढे पॉलिश फोडून वर येतो. पेस्टवाला पेंट रिमूव्हर जाड थापा, वर प्लॅस्टिक घाला, अर्ध्या तासाने ओलं असतानाच लाकडी पट्टीने खरवडा. नक्षीत पितळी ब्रश चालवा. लोखंडी ब्रशच्या तारा तुटून आत राहतात नि पहिल्याच पावसात काळे ठिपके उमटतात. कोरडं घासायचं नाही, जुन्या ऑइलपेंटात शिसं असतं. घरगुती रंगांत शिशाला ९० पीपीएमची (दशलक्ष भागांत ९०) मर्यादा २०१७ पासूनची आहे.

खिळ्यांभोवतीचा काळा डाग ऑक्झॅलिक आम्लाने जातो: लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, मग भरपूर पाण्याने धुवा. विषारी आहे, हातमोजे घाला.

आता तुळई. जुने चौकोनी घडीव खिळे डोकं गंजून लाकडात बुडालेले असतात, वरून दिसत नाहीत. आधी मेटल डिटेक्टर फिरवा, नाहीतर सॉ-मिलवाला पात्याचे पैसे तुमच्याकडूनच घेईल. हे खिळे टोकाला निमुळते असतात, त्यामुळे टोक पलीकडे निघालं असेल तर तिकडून पंचाने ठोकून काढा.

तुळई उभी चिरून ८ इंच रुंद, पावणेतीन इंच जाड अशा दोन फळ्या निघतील. साडेपाच फुटांची बैठक (दोन्ही मिळून १६ इंच), उरलेल्या साडेतीन फुटांतून १७-१७ इंचांचे चार पाय. पायाचं कुसू (टोकाला कोरलेली जीभ) बैठकीतून आरपार काढा, वरून पाचर मारा. पाचर बैठकीच्या लाकडातल्या तंतूंच्या रेषांना आडवी हवी. रेषांच्या दिशेने मारली की फळी उलते. चिरल्यावर लगेच जोडू नका. जुनं लाकूड असलं तरी आतला ताण सुटून वाकतं, मध्ये पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे रचून ठेवा. सागाच्या तेलामुळे गोंद धरत नाही. सांधा अ‍ॅसिटोनने पुसून वाळला की लगेच इपॉक्सी लावा.

काळापाषाण
शिल्पाचं सांगतो. तळखडा सव्वाशे किलोच्या आसपास भरेल, खांब तीसेक. वजनदार वाटतं, पण नुसतं टेकवून ठेवलं तर दीड मीटर उंचीवर वीसेक किलोचा जोर आला की कलंडेल. पोरं लोंबकळणारच. म्हणून खाली अडीच फूट चौरस, ६ इंच जाड काँक्रीट हवं आणि त्यातून तळखड्यात ४ इंच शिरणाऱ्या १२ मिमीच्या दोन सळ्या.

दगडाला हॅमर ड्रिल लावू नका, बारीक चीर असली तर दुभंगतो. डायमंड कोअर बिट (हिऱ्याच्या कणांची धार असलेलं पोकळ नळीसारखं बिट) वापरा, सतत पाणी सोडा. वरून २४ मिमीचं भोक, त्यात २० मिमीची स्टेनलेस सळई: ५ इंच दगडात, ९ इंच खांबात. इपॉक्सी फक्त दगडात भरा. खांबात आडवी पितळी खुंटी घाला, म्हणजे उद्या खांब उचलता येईल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बुंधा दगडावर टेकवू नका. ३ इंची जाड स्टेनलेस वॉशर घालून ६ मिमी फट ठेवा आणि बुंध्याच्या कापाला पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. नाहीतर आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात पाणी वर चढत राहतं, कूज तिथूनच सुरू होते.

टोपण तांबट आळीतून ठोकून घ्या, कड इंचभर खाली उतरलेली. सिलिकॉनने बंद करू नका, आतली ओल अडकते.

गोदाकाठ
पॉलिश कुठलं? आणि हस्त बाकाला लावू का?

रंधा_पटाशी
उन्हातल्या खांबाला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश नको, पापुद्रे सुटतात. जवसाचं तेल नि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, दरवर्षी पावसाळ्याआधी एक हात. तेलाचे बोळे चुरगाळून टाकू नका, आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा.

हस्त कापू नका, भिंतीवर फळीखाली लावा. आणि विकायचा विचार असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यात इमारतीतून काढलेली शंभर वर्षांपलीकडची वस्तूही येते. परदेशी गिऱ्हाईक आलं तर पाठवता येणार नाही. वाडामालकाची पावती मात्र आत्ताच घेऊन ठेवा.